गायरानावर सगळीकडे चर मारायचे की आहे ते गवत राखायचं? अ‍ॅरिझोनातल्या संशोधनाबद्दल विचारायचंय

माणदेशी_माळ

नमस्कार मंडळी. माण तालुक्यातलं आमचं गाव. वरच्या अंगाला शे-सव्वाशे एकर गायरान आहे, मुरमाड, दगडगोट्यांचं. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही धड पडला तर. वळीव कोसळला की अर्ध्या तासात ओढा गढूळ होऊन येतो आणि खालच्या पाझर तलावात गाळ टाकून जातो. तलाव निम्मा गाळानंच भरलाय.

आता ग्रामसभेत ठरत आलंय की पोकलेन लावून वरपासून खालपर्यंत सलग समतल चर मारायचे, आणि माळावरचे दगड वेचून ओघळींना बांध घालायचे. मेंढपाळ मंडळी विरोधात आहेत. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या कोरड्या कुरणांवर मातीची धूप मोजणारे मार्क निअरिंग म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांचं नाव एका लेखात वाचलं. त्यांचं काम कुणी नीट वाचलंय का? आमच्या माळाला त्यातलं काय लागू पडेल?

पाणलोट_अभियंता

चर मारा, जास्त विचार करू नका. उतार ८ टक्क्यांच्या वर असेल तर पाणी अडवल्याशिवाय गत्यंतर नाही. उताराची लांबी तोडली की धूप कमी होते, धूप काढायच्या नेहमीच्या सूत्रात घालून बघा. अमेरिकेतल्या वाळवंटाचं आपल्याकडे काय घेऊन बसलात? पैसे मंजूर असतील तर मार्चच्या आत काम उरका.

जतची_टूसॉनला

मी मूळची जतची, सध्या अ‍ॅरिझोनात टूसॉनला असते. पर्जन्यमापकांच्या नोंदी आणि मातीचे नमुने हेच माझं रोजचं काम, त्यामुळे थोडं लांबण लागेल, चालवून घ्या.

आधी जागा. टूमस्टोन गावाभोवती वॉलनट गल्च नावाचा ओढा आहे. त्याचं सुमारे १५० चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र अमेरिकेच्या कृषी खात्याचे शास्त्रज्ञ १९५३ पासून मोजतायत. पाऊस ३०० ते ३५० मिमी, निम्म्याहून जास्त जुलै ते सप्टेंबरात, आणि तऱ्हा अगदी आपल्या वळवाची. या टेकडीवर धो धो, पलीकडच्या टेकडीवर धूळ. म्हणून एवढ्याशा मुलखात ८० हून जास्त पर्जन्यमापक आहेत. निअरिंग यांचं कुरणांवरचं बरंचसं काम इथलंच.

त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दोन लहान पाणलोटं शेजारी ठेवून पाहिली. लकी हिल्स हे झुडपांचं: बाभळीच्या जातकुळीतली काटेरी झुडपं आणि मधे उघडी जमीन. केंडल हे गवताचं. मोजायला वापरलं सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य. १९५० आणि ६० च्या दशकांत उघड्यावर अणुचाचण्या झाल्या, त्यातून हे जगभर पडलं आणि मातीच्या बारीक कणांना घट्ट चिकटून बसलं. जिथं ते कमी सापडतं तिथली माती गेली, जिथं जास्त तिथं बाहेरून येऊन साचली. हिशेब निघाला तो असा: झुडपांच्या पाणलोटातून वर्षाला हेक्टरी सरासरी ४.३ टन माती बाहेर गेली, गवताच्या पाणलोटातून जवळपास शून्य. गवताच्या उतारावरही माती सुटत होतीच, पण ती खालच्या खोलगट भागात बसत होती, बाहेर पडत नव्हती.

आता अभियंता साहेबांसाठी. या दोन्ही ठिकाणी धुपेचा उताराच्या तीव्रतेशी मेळ लागला नाही. लागला तो वरच्या २५ सेंटिमीटर मातीतल्या दगडांशी. तुम्ही म्हणता ते सूत्र मुळात नांगरलेल्या शेतासाठी बांधलेलं आहे. कुरणात जमीन कुणी उलथत नाही. वर्षानुवर्षं बारीक माती धुऊन जाते, दगड मागं राहतात आणि तेच खालच्या मातीचं चिलखत होतात. म्हणून मला चरांपेक्षा दगड वेचायचा बेत जास्त खटकतो. एकेक दगड उचलला की त्याखाली तळहाताएवढी उघडी, भुसभुशीत माती राहते. पहिल्याच वळवाचे टपोरे थेंब तिथं पडले की माती उडते, तिची साय धरते, आणि पुढचं पाणी मुरायचं सोडून घसरत जातं.

दुसरं, सगळे पाऊस सारखे नसतात. इथल्या ७ छोट्या पाणलोटांची ११ वर्षांची नोंद आहे. गाळ वर्षाला हेक्टरी ०.०७ टनापासून ५.७ टनांपर्यंत, म्हणजे एकाच गावकुसातल्या दोन पाणलोटांत ऐंशीपट फरक. आणि निम्मा गाळ फक्त ६ ते १० टक्के पुरांनी आणला. तुमचा पाझर तलावही असाच मोजक्या दुपारी भरला असणार. चर काढायचेच तर ते अशा दुपारी टिकतील का, हे आधी विचारा. नेहमीच्या सरीला कुठलाही चर पुरतो. जोराच्या पावसात एक फुटला की त्याचं साठलेलं पाणी खालच्यावर येतं, मग त्याच्या खालच्यावर.

ओढ्याचं पाणी मोजायलाही इथं खटाटोप झाला. साध्या मोजबांधात पाणी थबकतं, गाळ खाली बसतो आणि मोजणी खोटी ठरते. म्हणून यांनी खास उतरता काँक्रीटचा पाट बनवला, ज्यातून पाणी सुसाट जातं आणि गाळ सोबत वाहून नेतं. पूर येताना लांबून बघा कधी. कोरड्या वाळूवरून आधी फेसाची एक जाडसर कड सरकत येते, तिच्यात काटक्या, सुकलेल्या लेंड्या, एखादी बाटली. मागून चॉकलेटी पाणी. ओढा जितका लांब, तितकं पाणी वाळूत मुरून कमी होत जातं. ओढ्यातली वाळू उपसली तर हे मुरणंही जातं, हे जाता जाता. तुमच्याकडे उपसा चालू आहे का, मला माहीत नाही, पण माणगंगेच्या अंगानं नवल वाटणार नाही.

गवत आहे म्हणून निर्धास्त मात्र राहू नका. केंडलचं मूळचं गवत दुष्काळानं २००६ च्या सुमारास मेलं. जमीन उघडी पडली आणि गाळ एकदम वाढला. पुढं दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या परक्या गवतानं तो माळ व्यापला. झाकण परत आलं, पण जुनं गवत आलं नाही.

माणदेशी_माळ

ताई, दगडांचं डोक्यातच नव्हतं आलं. पण मग आम्ही करायचं काय? ग्रामसभेत "काही करू नका" म्हटलं की लोक उठून जातात. निधी परत जाईल ही एक भीती, आणि तलाव तर भरतोच आहे.

माळावरचा_मेंढका

ताईंचं दगडाचं बरोबर हाय. दगडाच्या कडंला ओल ऱ्हाती, कुसळीचं ठोंब आधी तिथंच फुटतंय. शेजारच्या गावात माळ सगळा उकरला. चराच्या मातीचा जो ढीग वर टाकला त्याच्यावर तरवड आला, गवत नाय. मेंढरं चरात पडून पाय मोडून घेत्यात ते येगळंच. आन चराईबंदी म्हणाल तर पावसाचं पहिलं दीड-दोन म्हैनं आमी मेंढरं दुसऱ्या मुलखात नेतोच की. गवताला बी पडल्यावर चरू द्या, एवढंच आमचं म्हणणं. बारमाही बंद केलं तर जायचं कुठं?

पाणलोट_अभियंता

सूत्र शेतासाठी आहे हे मान्य. पण कुरणासाठी दुसरं काय वापरायचं? आराखड्यात काहीतरी आकडा लिहावा लागतो. आणि लकी हिल्सची माती आपल्या मुरमासारखी थोडीच असणार?

जतची_टूसॉनला

माती वेगळी आहेच, म्हणून तिथले टन उचलून इथं चिकटवू नका. पद्धत मात्र उचलता येते. निअरिंग आणि मंडळींनी कुरणांसाठी आरएचईएम नावाचं वेगळं संगणकी प्रारूप (मॉडेल) केलंय, फुकट वापरता येतं. त्यात एकेका पावसाचा हिशेब होतो आणि मुख्य भर जमिनीवरच्या झाकणावर असतो: गवताचा बुडखा, पालापाचोळा, दगड, मातीवरचं शेवाळाचं पापुद्रं.

माळदादा, ग्रामसभेत "आधी मोजू" असं म्हणा. ५० मीटरचा टेप ताणायचा, दर अर्ध्या मीटरला सायकलची तार सरळ खाली सोडायची आणि टोक कशावर टेकलं ते लिहायचं. १०० ठिकाणं झाली की टक्के आपोआप निघतात. शाळेतली पोरं हे हसतखेळत करतील. दुसरं, उघडे पट्टे सलग किती लांब आहेत ते टेपवरच बघा. दोन ठोंबांमधे हातभर उघडं असेल तर पाणी पुढच्या ठोंबाला अडतं. पट्टा उताराच्या दिशेनं दहा-दहा पावलं मोकळा असेल तर तिथं पाण्याला वेग येतो. निधी तिथं वापरा: काट्याकुट्यांचे आडवे बांध, गवताचं बी, आणि ओघळीच्या अगदी डोक्याशी छोटे दगडी बांध. त्यासाठी दगड माळावरून न घेता खालच्या ओढ्याच्या काठावरून किंवा शेताच्या ताली दुरुस्त करताना निघतात ते घ्या. चर मारायचेच असतील तर जिथं गवताचा मागमूस नाही अशा पट्ट्यांत मारा.

मेंढकादादा, तुमचं चराईचं वेळापत्रक ग्रामसभेत तुम्हीच मांडा, तारखांसकट. ते ठरावात यायला हवं. आणि हो, कुसळी इथल्या टेकड्यांवरही आहे, तीच जात. माझ्या मोज्यांना विचारा.

मोजणी मे महिन्यात करा, वळवाआधी, माळ सगळ्यात उघडा असतो तेव्हा. आकडे इथंच टाका. सोबत उतार, मातीचा पोत आणि जवळच्या केंद्रावरचा रोजचा पाऊस दिलात तर मी प्रारूपात भरून बघते, अभियंता साहेबांना आराखड्यात घालायला आकडा मिळेल.