चाचणी-कॅसेटच्या कवचासाठी पीएलए वापरावे काय?

प्रश्न : कवचकार

आम्ही जलद निदान-चाचणीच्या कॅसेटची नवी रचना करीत आहोत. आतली नायट्रोसेल्युलोजची पट्टी काही मिलिमीटर रुंद असते. वजनाचा मोठा भाग पॉलिस्टायरिन किंवा एबीएस या प्लास्टिकच्या कवचाचा असतो आणि पंधरा-वीस मिनिटांच्या वापरानंतर ते कचऱ्यात जाते. त्याऐवजी पॉलिलॅक्टिक ॲसिड, म्हणजे पीएलए हे वनस्पतीजन्य प्लास्टिक, चालेल काय? किटची मुदत २४ महिने हवी आहे.

उत्तर : साचेवाला

चालेल, परंतु उष्णता सांभाळावी लागेल. साधे पीएलए ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद वाहनात तेवढे तापमान सहज होते. कवच किंचित वाकले तरी पट्टी दाबून धरणाऱ्या आतल्या उंचवट्यांचा दाब बदलतो, द्रव कडेने पळतो आणि निकालाची रेघ पुसट किंवा वाकडी उमटते. दाणे साच्यात घालण्यापूर्वी नीट वाळवले नाहीत, तर वितळतानाच ओलाव्याने रेणूसाखळ्या तुटतात. हा दोष पहिल्या दिवशी दिसत नाही, मुदतीच्या अखेरीस कवच ठिसूळ होऊन दिसतो. मुदतीचे म्हणाल, तर सिलिका जेल घातलेल्या फॉइलच्या पाकिटात पीएलए पुरेसे टिकावे, कारण ती कोरडी हवा पट्टीलाही लागतेच. १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हचा, म्हणजे दाबाखालील वाफेने निर्जंतुक करण्याचा, विचार मात्र करू नये.

उत्तर : कचरावेचक

माझा प्रश्न वेगळा आहे : हे विघटन होणार कोठे? पीएलएला औद्योगिक कंपोस्टची, म्हणजे सुमारे ५८ अंशांच्या ओलसर ढिगाची गरज असते. जमिनीत किंवा समुद्रात ते वर्षानुवर्षे पडून राहते. रुग्णाचे रक्त किंवा नाकातील स्राव लागलेली कॅसेट तर संसर्गजन्य कचरा ठरते. ती जाळली जाते किंवा निर्जंतुक करून पुरली जाते, आणि कोणतेही कंपोस्ट केंद्र ती आनंदाने घेणार नाही. म्हणून पीएलएचा खरा लाभ त्यातील कार्बन मका किंवा उसातून येतो, खनिज तेलातून नव्हे, एवढाच आहे. खोक्यावर ‘जैवविघटनशील’ असे ठळक छापू नका. तो शब्द वाचून लोक कॅसेट उघड्यावर टाकतील.

कवचकार

मुद्दा पटला. मग पीएचए, म्हणजे जिवाणूंकडून मिळणारे पॉलिहायड्रॉक्सीअल्कानोएट प्लास्टिक, कसे?

उत्तर : साचेवाला

त्या कुळातील पीएचबी (पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट) जिवाणूंच्या पेशींत साठते. फ्रेंच शास्त्रज्ञ मॉरिस लेम्वान्य यांनी ते १९२६ मध्ये ओळखले. ते मातीतही विघटित होते, पण ठिसूळ असते, आणि सुमारे १७५ अंशांना वितळून त्याच्या थोडे वर गेले की मोडू लागते, त्यामुळे साच्यावरचे काम नाजूक होते. माझ्या मते आधी कवचाची जाडी घटवा, नाहीतर पट्टी घडीच्या पुठ्ठ्यातच बसवून पाहा. नमुन्याचा थेंब पुठ्ठ्यात झिरपू नये म्हणून थेंबाच्या खिडकीभोवती मेणाचा लेप पुरतो का, ही पहिली चाचणी ठेवा.