ड्रायव्हरकडची काच अडकली, कोणाला माहिती आहे का?

बी-४०३: नमस्कार मंडळी. गाडीच्या ड्रायव्हरकडची काच काल रात्री अर्ध्यावर अडकली. गाडी उघड्या पार्किंगला आणि पाऊस धो धो. शेवटी कचऱ्याची काळी पिशवी चिकटपट्टीने लावली. गॅरेजवाला गाडी न बघताच फोनवर म्हणतो, मोटर गेली, मोटर आणि काच वर-खाली करणारी मशीन असा पूर्ण सेट बदला. कोणी हे काम केलंय का?

ए-६०१: माझीही मध्ये अडकायची. काचेच्या फटीत थोडं इंजिन ऑइल सोडा, सुटेल.

सी-१०२: ऑइल अजिबात नको! रबर फुगतं, त्यावर धूळ बसते आणि काच आणखी जड होते. ताई, बाकीच्या काचा चालतात का?

बी-४०३: हो काका, तिन्ही चालतात. ही दाबली की बटणाचा फक्त टक आवाज येतो.

सी-१०२: मग काचा लॉक करणारं बटण चुकून दाबलंय वगैरे असं नाही. चावी ऑन ठेवा, इंजिन बंद. आतला दिवा लावून काचेचं बटण दाबा. दिवा किंचित मंद झाला तर मोटर करंट घेतेय पण काच जाम आहे. मंद झालाच नाही तर करंट मोटरमधून जातच नाहीये. मग फ्यूज, बटण, वायर किंवा मोटर. दार थोडं थोडं उघडूनही दाबून बघा. बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायरी वाकून वाकून आतल्या आत तुटतात.

बी-४०३: दिवा मंद होत नाही. दार हलवूनही फरक नाही.

सी-१०२: आता बटण दाबून धरा आणि दाराच्या आतल्या पॅनेलवर, स्पीकरच्या जरा वर, मुठीने दोन-तीनदा ठोका.

बी-४०३: काका, गेली वर!!! पूर्ण बंद झाली 🙏

सी-१०२: आता खाली करू नका. मोटरच्या फिरत्या भागाला टेकून करंट देणारे कार्बन ब्रश झिजलेत. ठोक्याने क्षणभर टेकले म्हणून फिरली. रविवारी सकाळी दार उघडू. गॅरेजवाल्याचा अंदाज खरा निघेलही, पण बघितल्याशिवाय पैसे घालवायचे नाहीत.

(रविवार)

बी-४०३: काम झालं! काकांनी आणि ए-६०१ च्या दादांनी मिळून केलं, म्हणून सगळ्यांसाठी लिहिते. हँडलच्या खाचेतल्या टोपीखाली स्क्रू असतो, तो काढल्यावर पॅनेल क्लिपांवर सुटतं. दोन क्लिपा तुटल्या, त्या स्वस्तात मिळतात. मोटरचा कनेक्टर काढून त्याला टेस्ट लॅम्प (करंट येतो का ते दाखवणारा दिवा) लावला. बटण दाबलं की दिवा लख्ख! म्हणजे १२ व्होल्ट तिथपर्यंत येत होते, मोटरच मेली होती. काढून हलवली तर झिजलेल्या ब्रशची काळी भुकटी कागदावर पडली.

ए-६०१: ऑइलचा सल्ला मागे घेतो 🙏 मोटर सोडवण्याआधी काच वरच ठेवून फ्रेमला टेपने बांधली होती, नाहीतर ती दारात घसरते. आणि काच उचलणारी मशीन केबलऐवजी कात्रीसारखी असेल तर तिला मोठी स्प्रिंग असते. आधी ती पक्की न अडकवता मोटर काढली तर हात दातऱ्यांत सापडू शकतो.

डी-२०५: पूर्ण सेट घेतला का?

सी-१०२: नाही. काच ओढणारी केबल शाबूत होती, फक्त मोटर बदलली. केबल तुटलेली असती तर सेटच घ्यावा लागला असता. पण मोटर एवढ्यात का गेली, ते महत्त्वाचं. काच ज्या खाचेतून सरकते त्या चॅनेलचं रबर चिखलाने कडक झालं होतं. त्या ओझ्याने मोटर रोज दमत होती. नुसती मोटर बदलली असती तर नवीही तशीच गेली असती. रबर ओल्या फडक्याने पुसून सिलिकॉन स्प्रे मारला.

बी-४०३: आणि पॅनेलमागचा प्लास्टिकचा कागद काकांनी कडेकडेने पुन्हा चिकटवायला लावला. तो तसाच लोंबकळत ठेवला की पावसाचं पाणी पायाशी येतं.

डी-२०५: काका, आमची डावी काच वर जाताना रडतखडत जाते. मोटर बघून ठेवू का?

सी-१०२: मोटरला हात नाही लावायचा. शनिवारी गाडी घेऊन या, आधी रबर साफ करू.