वाचकमंडळाच्या बैठकीत बातम्या फार आणि पुस्तक थोडे, असे होऊ लागले आहे. काय करावे?

पानखूण यांचा प्रश्न

नमस्कार. आमचे वाचकमंडळ तीन वर्षांपासून चालू आहे. सभासद अठरा आहेत, त्यांतले नियमित येणारे दहा-अकरा. महिन्यातून एकदा दोन तास भेटून आधी ठरवलेल्या एका पुस्तकावर आम्ही बोलतो. पहिल्या वर्षी असे ठरले की, मुख्य चर्चेला हात घालण्यापूर्वी प्रत्येकाने आपण सध्या काय वाचत आहोत ते थोडक्यात सांगावे आणि साहित्यविश्वातली एखादी बातमी कानावर आली असेल तर तीही सांगावी. कल्पना चांगलीच होती. पण या ‘थोडक्यात’चे पुढे काय झाले, ते गेल्या बैठकीत मी घड्याळ लावून पाहिले, तेव्हा त्यात तब्बल पंचावन्न मिनिटे गेली होती. त्यानंतर ज्या कादंबरीसाठी आम्ही जमलो होतो, तिच्या वाट्याला दमलेली माणसे आली आणि शेवटच्या प्रकरणाबद्दल कोणी एक शब्दही काढला नाही.

संदेशगटाची अवस्था याहून वेगळी नाही. पुरस्कारांच्या याद्या, मुखपृष्ठांची छायाचित्रे, ‘अप्रतिम, जरूर वाचा’ एवढाच शेरा मारलेली शिफारस आणि मध्यंतरी एका लेखकाच्या निधनाची बातमी, जिच्यावर नऊ जणांनी श्रद्धांजली वाहिल्यानंतर ती खोटी असल्याचे कळले. मी महिनाभराचे संदेश मागे जाऊन वाचले. एखाद्याने पाठवलेल्या गोष्टीवर दुसऱ्याने काही विचारले आहे, असे पूर्ण महिन्यात तीनदाच घडले होते.

तरीही हे सगळे बंद करून टाकावे असे मला वाटत नाही. मंडळाला लाभलेली दोन उत्तम पुस्तके अशाच सहज बोलण्यातून हाती आली होती आणि काही सभासद तर केवळ या देवाणघेवाणीसाठी येतात. तर आपापल्या मंडळांत आपण वाचनाच्या आवडीनिवडी कशा मांडता आणि कोणती बातमी बैठकीपर्यंत आणण्याजोगी मानता, हे जाणून घ्यायचे आहे.

समास यांचे उत्तर

पानखूण, आपण वर्णन केलेला आजार आमच्या मंडळालाही जडला होता. त्यातून आम्ही पूर्ण बरे झालो असे म्हणणार नाही, पण ताप उतरला आहे. आम्ही वेळेला कात्री लावली नाही, प्रश्न बदलला. ‘सध्या काय वाचता?’ या प्रश्नाला माणूस पुस्तकाचे नाव सांगतो, लेखकाचे नाव सांगतो, कथानक सांगू लागतो आणि मग त्याला कुठे थांबावे ते कळत नाही. त्याऐवजी आम्ही असे ठरवले की, ज्याला पुस्तकाविषयी सांगायचे असेल त्याने ते पुस्तक सोबत आणावे, त्यातला एक परिच्छेद मोठ्याने वाचावा आणि तोच परिच्छेद का निवडला, हे दोन-तीन वाक्यांत सांगून खाली बसावे.

याचा पहिला परिणाम असा झाला की, निम्मी माणसे आपोआप गप्प झाली, कारण पुस्तकाची नुसती कीर्ती ऐकून आलेल्याकडे वाचून दाखवायला परिच्छेद नसतो. दुसरा परिणाम आम्हाला अपेक्षित नव्हता. आमच्याकडे एक काका होते, वर्षभर न चुकता येत आणि ‘माझे चालू आहे, संपले की सांगतो’ एवढेच म्हणत. एका बैठकीत कोणीतरी विषय काढला की या वेळी आपण अर्धवट सोडलेल्या पुस्तकांविषयी बोलू. काकांनी पिशवीतून एक जाडजूड कादंबरी काढली. तिच्यात पान २१२ वर एक बसचे तिकीट खुणेला होते. त्यांनी ते पान वाचून दाखवले आणि म्हणाले, ‘इथे लेखकाने त्या मुलीला काही कारण नसताना मारले, म्हणून मी पुढे गेलो नाही.’ त्यानंतरची वीस मिनिटे आम्ही लेखकाला पात्राचा जीव घेण्याचा अधिकार कितपत असतो, यावर बोलत होतो, आणि ती आमच्या मंडळातली आजवरची सर्वांत चांगली वीस मिनिटे होती असे माझे मत आहे. आवडलेल्या पुस्तकावर बोलताना माणूस सभ्य राहतो. न आवडलेल्या पुस्तकावर बोलू लागला की त्याची खरी आवड कळते.

शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांना १९३१ पासून ग्रंथरूप आहे. त्यांतले तीन वाचकमंडळाच्या भिंतीवर लिहून ठेवावेत असे आहेत: प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा आणि वाचकाचा वेळ वाचवावा. आपले भांडण तिसऱ्याशी आहे असे वरवर वाटते, पण मुळात घोटाळा दुसऱ्यात आहे. गटावर टाकलेली शिफारस अठरा जणांना उद्देशून असते, म्हणून ती कोणाचीच नसते. ‘तुम्हाला मागच्या खेपेला प्रवासवर्णनातली ती म्हातारी आवडली होती, तर हे पुस्तक तुमच्यासाठी’ असे एकाच सभासदाला उद्देशून लिहून पाहा, उत्तर येतेच.

आम्ही एक वहीही ठेवली आहे. तारीख, पुस्तक, कोणी सांगितले, आणि शेवटचा रकाना ‘कोणी वाचायला घेतले’. हा शेवटचा रकाना फार निर्दयी आहे. माझ्या स्वतःच्या सात शिफारशींपुढे तो कोरा आहे.

कोरेपान यांचे उत्तर

माझे मत थोडे वेगळे आहे. परिच्छेद आणा, वहीत नोंदवा, दोन वाक्यांत आटपा, अशी शिस्त लावत गेलो तर मंडळाची शाळा होते, आणि शाळेतून सुटलेली माणसे पुन्हा शाळेत येत नाहीत. गप्पा वाईट नसतात, त्यांची जागा चुकलेली असते. आम्ही त्या सुरुवातीवरून शेवटी नेल्या. ठरलेल्या पुस्तकावरची चर्चा वेळेवर सुरू होते, उशिरा येणाऱ्याचे त्यात नुकसान होते म्हणून लोक वेळेवर येतात, आणि ज्यांना घाई आहे ते चर्चा संपल्यावर निघून जातात. उरलेले हवे तितका वेळ बसतात. बातम्यांना आम्ही कोणताही नियम लावलेला नाही.

अनुक्रमणिका यांचे उत्तर

समास यांनी आवडीनिवडींविषयी पुरेसे लिहिले आहे, म्हणून मी बातम्यांपुरतेच लिहिते. आमच्या मंडळात दोन वर्षे बातम्यांची जबाबदारी माझ्याकडे होती आणि त्यातून एक सवय लागली. पुरस्काराची बातमी आली की आधी विचारायचे, पुरस्कार पुस्तकाला आहे की लेखकाला? नोबेल जाहीर झाल्यावर ‘कोणत्या पुस्तकाला मिळाले?’ असे हमखास विचारले जाते, पण हा पुरस्कार सर्वसाधारणपणे लेखकाच्या एकूण लेखनाला असतो. त्यामुळे त्या बातमीतून मंडळाने काय वाचावे हे कळत नाही, ते कोणीतरी शोधून आणावे लागते. ज्ञानपीठाचा नियम तर मध्येच बदललेला आहे. सुरुवातीला तो एका ग्रंथासाठी दिला जाई, १९८२ पासून लेखकाच्या समग्र योगदानासाठी दिला जातो. म्हणून वि. स. खांडेकरांच्या १९७४ च्या पुरस्काराशी एका कादंबरीचे नाव जोडलेले आहे, तर कुसुमाग्रज, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे यांच्या अनुक्रमे १९८७, २००३ आणि २०१४ च्या पुरस्कारांविषयी बोलताना त्यांच्या सगळ्या लेखनाकडे पाहावे लागते. आंतरराष्ट्रीय बुकरचे उलटे झाले. २००५ पासून काही वर्षे तो दर दोन वर्षांनी लेखकाच्या एकूण कार्याला मिळत असे, २०१६ पासून तो दरवर्षी इंग्रजीत अनुवादित झालेल्या एका पुस्तकाला मिळतो आणि रक्कम लेखक व अनुवादक यांच्यात समान वाटली जाते.

ही शेवटची गोष्ट मला वाचकमंडळाच्या दृष्टीने सोन्यासारखी वाटते. २०२२ मध्ये गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीला डेझी रॉकवेल यांच्या अनुवादासाठी आणि २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना दीपा भास्ती यांच्या अनुवादासाठी हा पुरस्कार मिळाला, तेव्हा आमच्या गटावरच्या बहुतेक संदेशांत अनुवादिकेचे नावच नव्हते. मी एवढेच केले की, हिंदी मूळ आणि इंग्रजी अनुवाद यांतले एकच पान शेजारी शेजारी ठेवून बैठकीत वाचायला दिले. मूळ वाक्य कुठे खेळते आहे आणि अनुवादात तो खेळ टिकवण्यासाठी काय करावे लागले आहे, हे पाहण्यात सगळे इतके रमले की अभिनंदनाचे संदेश पाठवणारेही त्या पानावर पेन्सिल चालवू लागले. कन्नड आमच्यापैकी कोणालाच येत नसल्यामुळे दुसऱ्या वेळी हे जमले नाही, याची चुटपुट आहे.

आता अफवांविषयी. ‘अमुक लेखक नोबेलच्या अंतिम यादीत’ असा संदेश दर ऑक्टोबरात येतो. तो सरळ बाजूला ठेवावा, कारण नोबेलसाठी सुचवलेली नावे पन्नास वर्षे गुप्त ठेवली जातात आणि अंतिम पाचांची यादीही बाहेर सांगितली जात नाही. जे फिरते ते सट्टेबाजांचे अंदाज असतात. बुकरचे मात्र सगळे उघड असते: आधी बारा किंवा तेरा पुस्तकांची लांब यादी, मग सहांची छोटी यादी, मग निकाल. माझा अनुभव असा की मंडळाने विजेत्याच्या मागे धावण्यापेक्षा लांब यादीतून एखादे पुस्तक उचलावे. निकाल लागेपर्यंत ते वाचून होते, आणि मग परीक्षकांशी आपले पटले की नाही यावर भांडायला मजा येते. निधनाच्या बातमीला आमचा एकच निकष आहे: प्रकाशकाने किंवा कुटुंबीयांनी सांगितल्याशिवाय ती पुढे पाठवायची नाही. एक दिवस उशिरा वाहिलेली श्रद्धांजली खोटी ठरत नाही.

आपण लिहिले नाही, पण गटावर पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफही येत असतीलच. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतात, अनेक देशांत सत्तर. आणि अनुवादाला स्वतंत्र हक्क असतात, हे बरेच जण विसरतात. मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वी गेलेला असला तरी त्याचा अनुवादक आपल्यासारखाच हयात असू शकतो.

पानखूण

सर्वांचे मनापासून आभार. पीडीएफ येतात, आणि मीही दोन पाठवल्या आहेत. कोरेपान, गप्पा शेवटी नेण्याची आपली सूचना पुढच्याच बैठकीपासून लागू करतो, कारण तिला कोणाचीही परवानगी लागणार नाही. परिच्छेद वाचण्याची पद्धत मात्र सक्तीची न करता मी स्वतःपासून सुरू करीन. अनुक्रमणिकाताई, बातम्यांची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे ठेवली, तर त्या व्यक्तीच्या आवडीचीच साहित्यवार्ता सगळ्यांना ऐकावी लागत नाही का? आमच्याकडे ज्यांना हे काम द्यावेसे वाटते, त्यांना कवितेचे वावडे आहे.

अनुक्रमणिका

ऐकावी लागते. माझ्या दोन वर्षांत नाटकाची एकही बातमी आली नाही, हे काम सोडताना मला कोणीतरी दाखवून दिले. म्हणून आता आमच्याकडे ते दर तीन महिन्यांनी फिरते, आणि ज्याला जो प्रकार आवडत नाही त्याने त्या काळात त्याच प्रकारातली निदान एक बातमी आणायची, असे ठरले आहे. आपल्या त्या सभासदांना पहिल्याच महिन्यात एखाद्या कवितासंग्रहाविषयी सांगायला लावा. कविता का नकोशी वाटते, हे ते सांगतील तेव्हा संग्रहातली एक कविता त्यांना मोठ्याने वाचावी लागेलच.