चंद्रतालला पोलरायझर लावताना
'तलावाच्या फोटोंसाठी पोलरायझर लावूनच ठेवा' असा सल्ला देतात (पोलरायझर म्हणजे चकाकी कापणारा, लेन्सवर लावायचा फिल्टर), पण हिमाचलमधल्या चंद्रताल तलावाच्या बाबतीत मला ते अर्धंच पटतं. काठाजवळचा तळ, पाण्यातले दगडगोटे दाखवायचे तर पोलरायझर हवाच. पण डोंगरांचं प्रतिबिंब हवं असेल तर तोच घात करतो. चकाकी कापताना प्रतिबिंबही पुसून टाकतो. शिवाय ४,३०० मीटरच्या आसपास आकाश आधीच गडद निळं, त्यात वाइड (रुंद दृश्य टिपणारी) लेन्स असली की एकाच बाजूला काळपट पट्टा उमटतो.

माझ्या पहिल्या संध्याकाळचे सगळे फोटो असेच गेले, फार हळहळलो. दुसऱ्या दिवशी उजाडताना, वारा सुटायच्या आत, फिल्टर काढून काठाकाठाने चालत गेलो आणि पाणी अगदी आरशासारखं मिळालं. तंबू तलावापासून बरेच लांब असतात, त्यामुळे निघावं मात्र अंधारातच लागतं.