लेकरं, मोबाईल आणि आपण: तुमच्या घरी काय घडलं?

सातारा, पोवई नाका
मागच्या रविवारी कासला गेलो होतो, लेक आठवीत आहे, तिनं तिथनंच स्टोरी टाकली, लोकेशनसकट. संध्याकाळी परत आलो तर खालचा इस्त्रीवाला म्हणतोय, "कासला होता ना आज दिवसभर?" माणूस चांगला आहे हो, पण पोटात गोळाच आला. त्याच्या पोरानं स्टोरी बघितली होती. तुमच्याकडं काय काय झालंय? उपदेश नकोत, घडलेलं लिहा.

सांगली, विश्रामबाग
कुणाला बोललो नव्हतो, इथं नाव नाही म्हणून लिहिते. पोरगा नववीत. गेममध्ये ओळख झालेली "मुलगी" इन्स्टावर आली, दोन आठवडे गोड बोलली, मग फोटो मागितला आणि यानं पाठवला. लगेच धमकी, पैसे टाक नाहीतर तुझ्या सगळ्या फॉलोअर्सना पाठवतो. आम्हाला कळलं ते सासूबाईंच्या बटव्यामुळं. पेन्शनच्या नोटा रबर लावून ठेवतात आणि रोज मोजतात, पाचशे कमी भरले. यानं ते मित्राला देऊन त्याच्याकडनं ऑनलाइन पाठवले होते. रडत म्हणाला, "सांगितलं असतं तर मोबाईल काढून घेतला असता तुम्ही." खरंच घेतला असता.

आमचे हे चॅट डिलीट करायलाच निघाले होते, भाचा वकील आहे त्यानं फोनवरनं थांबवलं, म्हणाला काही पुसू नका, स्क्रीनशॉट काढा, आयडी लिहून घ्या, पैसे गेलेत तर आधी 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. आणि टेक इट डाउन म्हणून फुकट सोय आहे अठराच्या आतल्या पोरांसाठी, तिथं फोटो द्यावा लागत नाही, फोनवरच त्याचा कोड बनतो आणि तेवढाच जातो, त्यावरनं इन्स्टा-फेसबुकवाले तो फोटो हुडकून काढून टाकतात. परत काही आलं नाही, तरी महिनाभर झोप नव्हती.

कराड
मी शिक्षक. पाचवीतला एकजण म्हणाला, "सर, इन्स्टावर मी चोवीस वर्षांचा आहे." अकाउंटला तेरा पूर्ण लागतात म्हणून जन्मसाल बापानंच टाकून दिलेलं. 2025 पासून आपल्याकडं पण टीन अकाउंट आलंय, आपोआप प्रायव्हेट, अनोळखी माणसाचा मेसेज येत नाही, पण चोवीस वर्षांच्या घोड्याला ते कसं लागू होणार?

मिरज
आमच्यात पोरांची चूकच नाही. नातवाचा शाळेचा पहिला दिवस, बॅज, शाळेची पाटी, सगळं मीच स्टेटसला टाकलं. सुनेनं काढायला लावलं. राग आलेला, खोटं कशाला बोलू.

कडेगाव
आमच्या तालुक्यात मोहित्यांचे वडगावला 2022 मध्ये सुरू झालं, संध्याकाळी सातला भोंगा, दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. मीपण घरात ठरवलं. तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "पप्पा, भोंगा वाजला, तुमचा कुठाय?" बाथरूममध्ये नेऊन बघत होतो.

सातारा, पोवई नाका
विश्रामबागच्या ताई, पोरगा कसा आहे आता?

सांगली, विश्रामबाग
बरा आहे. आजीचे पाचशे फेडतोय, दर रविवारी पन्नास. त्या मोजून घेतात.