जीपीआयओचं जुनं सिसएफएस कर्नलमधून काढावं का?

धागाकर्ता: जीपीआयओ म्हणजे बोर्डावरच्या, प्रोग्रामने चालवता येणाऱ्या पिना. लिनक्सवर त्या चालवायची जुनी पद्धत म्हणजे सिसएफएस, कर्नल (लिनक्सचा गाभा) काही फाईली दाखवतो, त्यातल्या एक्सपोर्ट फाईलमध्ये पिनचा नंबर एको केला, म्हणजे कमांडने लिहिला, की पिन हातात. २००८ पासून चालू आहे. २०१६ ला ४.८ कर्नलमध्ये कॅरेक्टर डिव्हाइस हा पिना चालवायचा नवा इंटरफेस आला तरी जुनं काही जाईना, ढिगाने स्क्रिप्टा त्यावर बसल्यात. आता लिबजीपीआयओडीवाल्यांनी (ही त्या नव्या इंटरफेसची लायब्ररी) एक प्रॉक्सी, म्हणजे मधला प्रोग्राम लिहिलाय, तो फ्यूज (कर्नलबाहेरून फाइलसिस्टीम दाखवायची सोय) वापरून त्याच फाईली यूजर स्पेसमधून, म्हणजे कर्नलबाहेर साधे प्रोग्राम चालतात तिथून दाखवतो आणि आतून नव्या इंटरफेसशी बोलतो. माझं मत, डिस्ट्रोंनी (उबंटूसारख्या तयार लिनक्सवाल्यांनी) हा घ्यावा आणि कर्नलमधलं बंद करावं. सिसएफएसमध्ये प्रोग्राम मेला तरी पिन एक्सपोर्टच राहते, कुणी धरलीय ते कळत नाही, हे किती दिवस चालवायचं?

प्रतिसाद १: अजिबात पटलं नाही. चालू असलेलं यूजर स्पेस तोडायचं नाही हा कर्नलचा पहिला नियम. आमचे ठिबकचे कंट्रोलर शेतात बसलेत, फ्लॅश १६ एमबी, आणि हा प्रॉक्सी पायथनमध्ये, तो कुठे कोंबू? शिवाय बूट होतानाच रिले बंद करावा लागतो, तेव्हा फ्यूज माउंट झालेलं तरी असेल का?

धागाकर्ता: पण कर्नलमध्ये ठेवून तरी कुठे टिकलं? रास्पबेरी पायवर ६.६ कर्नल आला आणि नंबर ५१२ पासून सुरू झाले, १७ नंबरची पिन ५२९ झाली, लोकांच्या स्क्रिप्टा रातोरात बंद पडल्या.

प्रतिसाद २: नंबरांचं बरोबर आहे, पण खरी अडचण वेगळीय. कॅरेक्टर डिव्हाइसमध्ये प्रोग्राम संपला की लाईन, म्हणजे पिन, सुटते, मग ती हाय राहील की लो याची खात्री कुणी देत नाही. सिसएफएसमध्ये एको केलं आणि स्क्रिप्ट संपली तरी पिन तशीच राहते, लोकांना तेच हवं असतं. प्रॉक्सी हा डेमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, लाईन तोच धरून बसतो म्हणून जमतं, पण मेमरी संपून तोच मेला तर सगळ्या पिना एकदम सुटणार! आधी एक स्क्रिप्ट चुकली तर एक पिन जायची.

प्रतिसाद १: हेच म्हणतोय मी. भर उन्हाळ्यात रात्री व्हॉल्व्ह उघडा राहिला तर विहीर उपसून जाईल हो, शेतकऱ्याला कुठला डेमन सांगू?

धागाकर्ता: हा मुद्दा मान्य, माझ्या डोक्यात आला नव्हता. तुमच्यासारख्या बोर्डांवर कर्नलच्या कॉन्फिगमध्ये जुनं सिसएफएस चालूच ठेवा, मोठ्या डिस्ट्रोंबद्दल मात्र मी ठाम आहे. तुमचा कर्नल कोणता? ४.८ च्या पुढचा असेल तर फक्त व्हॉल्व्हच्या लाईनी धरून बसणारा छोटा प्रोग्राम सी मध्ये होईल, पायथन नको, फ्यूज नको. मी लिहून देतो, तुम्ही बोर्डावर चालवून बघा.