राक्षसाला बालपण द्यायलाच हवं होतं का?

तापीकाठ (भुसावळ)
रविवारी यावलकडे मळ्यात भरीत पार्टी होती. वांगी भाजून होईपर्यंत आम्ही चौघं थॉमस हॅरिसच्या 'हॅनिबल रायझिंग'वरून भांडलो. भांडण अर्धवट राहिलं, म्हणून इथे टाकतोय. पुढे शेवटापर्यंतची कथा फोडली आहे. वाचायची बाकी असेल त्यांनी इथूनच मागे फिरा.

कादंबरी २००६ ची. हॅनिबल म्हणजे हॅरिसच्या आधीच्या कादंबऱ्यांतला, माणसं मारून खाणारा डॉक्टर. इथे तो लिथुआनियातल्या सरदार घराण्यातला पोरगा आहे. १९४१ मध्ये जर्मन फौजा येतात तेव्हा कुटुंब वाडा सोडून जंगलातल्या शिकारघरात लपतं. युद्ध संपत आलेलं असताना आईबाप मरतात. मग नाझींची चाकरी केलेली एक लुटारू टोळी त्या घरात घुसते. हिवाळा, अन्न संपलेलं. ते त्याच्या धाकट्या बहिणीला, मीशाला, मारून खातात. पोरगा वाचतो, फ्रान्सला काकांकडे जातो, डॉक्टरकी शिकतो आणि टोळीतल्या एकेकाला हुडकून संपवतो.

माझं म्हणणं असं की या पुस्तकाने एका जबरदस्त पात्राचं मातेरं केलं. हॅरिसच्याच १९८८ च्या 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'मध्ये हाच माणूस कोठडीतून, चौकशीला आलेल्या एफबीआयच्या शिकाऊ पोरीला, स्टार्लिंगला, जवळजवळ दटावतो, की माझ्या बाबतीत काही घडलं म्हणून मी असा झालो, असलं गणित मांडू नकोस. मी ते पान रात्री वाचलं होतं आणि उठून दाराची कडी पाहून आलो होतो. अठरा वर्षांनी लेखकानेच ते गणित सोडवून दिलं. आता तो राक्षस राहिला नाही, बिचारा झाला.

लेकुरवाळी वाचक (धुळे)
दादा, आधी तारखेचं बघा. मीशा २००६ ला अचानक उगवलेली नाही. १९९९ च्या 'हॅनिबल'मध्येच ती येऊन गेली आहे.

आणि तो तुरुंगातून स्वतःबद्दल सांगतो ते तुम्ही खरं का धरलं? ज्याला एखादी गोष्ट आठवायचीच नाही, तो असंच बोलणार. या कादंबरीत तर पोराला जंगलातलं नीट आठवतही नाही. वाचा गेलेली, झोपेत किंचाळतो. पुढे मोठेपणी औषध टोचून घेऊन ती आठवण वर काढतो. मला सूडापेक्षा हाच भाग जास्त थरारक वाटला. खून काय, कुठल्याही कादंबरीत होतात.

शेवभाजी तर्री मारके
माले काय पटनं नही भो. तुम्ही दोघं डोकं लावून वाचतात. बदला घेतला, मस्त घेतला, संपलं.

बेंचवरचा (अमळनेर)
तर्री भाऊ, बदलाच असता तर ठीक होतं. पण त्याचा पहिला खून आठवा. मरणारा टोळीतला नाहीच. बाजारात काकूचा अपमान करणारा खाटीक आहे तो. मीशाशी त्याचा काडीचा संबंध नाही. म्हणजे हॅरिसने हिशोब मुद्दाम अपुरा ठेवलाय असं मी म्हणेन. युद्धाने सूड दिला, हात चालवायची गोडी कुठून आली ते सांगितलेलं नाही. तापीकाठ, तुमचा राक्षस शाबूत आहे.

आणखी एक. १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची सुमारे ५ हजारांची वसाहत होती. पुष्कळ बायका-पोरं, कित्येकांच्या घरातली माणसं वाटेतच गेलेली. तिथे शाळा चालल्या, नाटकं झाली. असल्या पोरांपुढे हॅनिबलचं 'युद्धामुळे' अगदीच तोकडं पडतं.

तापीकाठ (भुसावळ)
खाटकाचा मुद्दा मान्य. तो माझ्या ध्यानातून निसटला होता.

अस्तंब्याचा पायथा (नंदुरबार)
तुम्ही सगळे लिथुआनियापर्यंत गेलात, जरा धडगावला या. आमच्याकडे दिवाळीत अस्तंब्याच्या डोंगरावर यात्रा चढते. तो डोंगर अश्वत्थाम्याचा. लहानपणी आम्हाला सांगायचे, रानात कुणी उंच माणूस कपाळाच्या जखमेला तेल मागेल, नाही म्हणू नका.

या माणसाचं बालपण व्यासांनी दिलंच आहे. बाप एवढा धनुर्धर, पण घरात गाय नाही. इतर पोरं पिठाचं पाणी दूध म्हणून त्याला पाजतात आणि तो दूध प्यालो म्हणत नाचतो, ती हसतात. मोठेपणी बाप युद्धात कपटाने मारला जातो. मग हा रात्री छावणीत शिरून झोपलेली माणसं कापतो, त्यात द्रौपदीची पाचही पोरं जातात. हे सगळं वाचून तो कुणाला बिचारा वाटला? तेल देताना पण आमची म्हातारी माणसं एक पाऊल मागेच उभी राहायची. त्यामुळे बालपण दिलं की राक्षस मरतो हे खोटं आहे, तापीकाठ.

(विषयांतर: युद्धातली पोरं शोधायला युरोप कशाला? सातपुड्यात आंबापाणीला ११ एप्रिल १८५८ ला भिल्ल आणि इंग्रज फौजेची लढाई झाली. पकडलेल्या कित्येकांना गोळ्या घातल्या, बायकांना कैद केलं. ते बघणाऱ्या पोरावर मराठीत कुणी थरारकथा लिहिली तर मी दोन प्रती घेईन.)

तापीकाठ (भुसावळ)
आंबापाण्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

पण अश्वत्थाम्याचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. तिथे द्रौपदीचा आक्रोश ऐकू येतो. भागवतात तर ती म्हणते, सोडा याला, माझ्यासारखी याची आई रडायला नको. हॅरिसकडे ही दुसरी बाजू कुठे आहे? टोळीतला कोल्नास आठवा. आता तो हॉटेलवाला आहे, संसार आहे, आणि त्याच्या लहान मुलीच्या हातात मीशाचं कडं आहे. पुस्तकातली सगळ्यात भारी जागा ती. पुढे कोल्नास मरतो. त्या पोरीचं काय झालं, ते लेखक विचारत नाही. कडं दाखवायचं आणि हात विसरायचा, ही मला चोरी वाटते. त्या पोरीवर कादंबरी लिहिली असती तर मी एका बैठकीत वाचली असती.

शेवभाजी तर्री मारके
हाऊ, आता बोलले तुम्ही. ती पोर मोठी होऊन हॅनिबलला शोधते. पिक्चर बनेल.

लेकुरवाळी वाचक (धुळे)
थांबा थांबा. म्हणजे तिला बालपण चालेल, दादा?